कोंडाईनं पुकारलेली पायरी

फार वर्षांपूर्वी जाखाईच्या तळ्याकाठी एक सून नांदायला आली. नक्की किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, कारण तांबेरी गावात तेव्हा मोजायची चालच नव्हती. त्या सुनेचं नाव कोंडाई. आजही तांबेरीत कुणी पाण्याबद्दल थापा मारायला लागलं, तर समोरचा एवढंच म्हणतो, "कोंडाई ऐकतेय हं." मग बोलणारा माणूस घसा खाकरतो आणि विषय बदलतो.

तांबेरी डोंगराच्या पायथ्याशी. गावाच्या वरच्या अंगाला तळं, तळ्याला दगडी घाट, आणि घाटाच्या शेजारी मोरी. मोरीचा दट्ट्या उपसला की पाणी पाटानं खाली रानात जायचं. तळं कुणी बांधलं ते कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडं जे कुणी बांधलं ते ठाऊक नसतं ते पांडवांनी बांधलेलं असतं, तसं हेही पांडवांनीच बांधलं असं म्हणतात.

आता मोजायची चाल का नव्हती, ते ऐका. लेकरं मोजू नयेत, दृष्ट लागते. कोंबडीची पिल्लं मोजू नयेत, घार नेते. खळ्यावर धान्याची रास मापायचीच झाली, तर पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. आणि तळ्याचं पाणी तर मुळीच मोजायचं नाही. पाणी मोजलं की आटतं, असं म्हणतात. हे म्हणतं कोण, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्यामुळं ज्याला लागेल तो मोरी उघडायचा. जो आधी उठला त्याचं रान भिजायचं, आणि जो झोपला तो बोंबलायचा. बऱ्या वर्षी निभायचं. पण मधूनच एखाद्या वर्षी चैत्र लागायच्या आत तळ्यात नुसती राड व्हायची. मग गाव गाड्या जुंपायचं, गुरं पुढं घालायचं आणि खाली नदीकाठाला जाऊन राहायचं. जाताना तळ्याकडं पाठ करून निघायचं, कारण तळं म्हणजे जाखाईची कूस, आणि आईची रिकामी कूस लेकरानं बघू नये. पाऊस झाला की माणसं परत यायची आणि मग एकच चौकशी सुरू व्हायची: औंदा पाणी मोजलं कुणी? एका वर्षी एका म्हाताऱ्यावर आळ आला. तो बिचारा घाटावर बोटं मोडत बसला होता. लोकांना वाटलं, मोजतोय.

अशा गावात कोंडाई आली. तिचं माहेर वरच्या माळावरचं. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापानं तिचं नाव कोंडा ठेवलं, की कोंडाच तर आहे, म्हणून काळानं तिकडं बघू नये. माळावर एकच विहीर होती आणि ती खूप खोल होती. बाया पाणी शेंदायच्या आणि दोर वर आला की तो किती भिजलाय ते बघायच्या. दोर कमी भिजला की विहिरीत पाणी कमी. आपण वाटेत भेटलं की "जेवलीस का" विचारतो, तसं तिथं "दोर कुठवर भिजला" असं विचारायचे. कोंडाईला वाटायचं, सगळं जग असंच बोलतं.

सासरी पहिल्याच दिवशी ती घागर घेऊन घाटावर आली आणि बायांना म्हणाली, "आवं, तळ्यात पानी किती हाय?"

बायांनी कानांवर हात ठेवले. एकजण म्हणाली, "ते जाखाईला म्हाईत."

"आन जाखाई कुनाला सांगती?"

घाटावर हशा पिकला. पण तो प्रश्न काही पाण्यात बुडाला नाही. त्या दिवसापासून कोंडाईला ही एकच चुटपुट लागून राहिली. मी म्हणते, माणसाला असा एखादा किडा असावा डोक्यात. तो झोप उडवतो, पण गाव जागं ठेवतो.

विचारायची सोय नाही म्हटल्यावर कोंडाईनं देवीची सेवा धरली. दर मंगळवारी ती सकाळी घाटावर जायची आणि पाणी ज्या पायरीला टेकलं असेल त्या पायरीला हळदकुंकू लावायची. सासरा सुभाना खूश झाला. सुभाना म्हणजे गावातला एकुलता एक पानमळ्याचा धनी. शेवरीच्या झाडांवर चढवलेले नागवेलीचे वेल, आत शिरलं की उन्हाळ्यातही गारवा. तो मळा त्याच्या बापानं लावला होता आणि सुभानानं तो पोटच्या पोरासारखा जपला होता. "सून मोठी भक्तीवान मिळाली," असं तो येईल त्याला सांगायचा आणि पान खिलवायचा.

पाणी उतरत गेलं तशी कुंकवाची बोटं एकेका पायरीवर खाली येत गेली. कोंडाईनं पायऱ्यांना नावं दिली. सगळ्यात वरची तिनं म्हटली पाहुणा, कारण तिथवर पाणी यायचं आणि लगेच निघायचं. तिच्याखालची जावई, कारण तोवर सगळ्यांची चैन. तिच्याखालचा थोरला. थोरल्याखाली सासू, कारण ती दिसली की हात आखडायचा. आणि त्याहून खालची लेकरू. लेकराच्या तोंडचं पाणी कुणी काढू नये, म्हणून. घाटावरच्या बायांना ही नावं भारी आवडली. "आज जावई उघडा पडला गं," असं म्हणून त्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि हसता हसता घरी जाऊन नवऱ्याला सांगायच्या.

एक दिवस खेमा गुरव घाटावर उभा राहिला. जाखाईची पूजा त्याच्या घरात होती. त्यानं वरपासून खालपर्यंत कुंकवाची ओळ बघितली आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो तसाच ओरडत पारावर आला, "ही पूजा न्हाई! ही मोजनी हाय!"

गाव जमलं. सुभाना पान थुंकून उभा राहिला आणि म्हणाला, "माझी सून एक तरी आकडा बोलली का? बोलली आसंल तर सांगा."

कोंडाई डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "पाटील, खळ्यावर तुमी रास मापता. तवा लाभ म्हनता आन मापता. पर मापताच की. मी बी तसंच केलं. आकडा न्हाई, नाव घेतलं. आन पानी कवा जातं त्ये कळलं तर कुनाला सोडायचं, कुनाला न्हाई, त्ये आदीच ठरवता येईल. मग नदीवर जायाला लागनार न्हाई."

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. गोष्ट पटली होती, पण देवीचा प्रश्न होता. शेवटी कौल लावायचं ठरलं. खेमानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळं गाव श्वास रोखून बसलं. उजवी कळी पडली. लोक "जाखाईच्या नावानं" म्हणून ओरडणार, तोच डावीही पडली, असं म्हणतात. खेमाला काही सुधरेना. पाटील म्हणाले, "पैली पडली ती धरा. दुसरीचं मागनं बघू." पाटील लोकांची ही युक्ती जुनीच आहे.

तेव्हापासून तांबेरीत पाण्याचा हिशेब सुरू झाला. थोरला उघडा पडला की उसाचं पाणी बंद. सासू दिसली की गहू बंद, पानमळा बंद. लेकरू दिसलं की मोरीच बंद, आणि पुढं फक्त माणसांनी आणि गुरांनी प्यायचं. दर मंगळवारी कोंडाई घाटावर उभी राहून पुकारायची, "पानी जावयावर!" आणि खालून, जो जिथं असेल तिथून, गाव ओरडायचं, "ऐकलं!" कुणाला शंका आली तर त्यानं जाऊन पायरी बघावी. हिशेब कुणाच्या घरात नव्हता, कुणाच्या डोक्यात नव्हता, उन्हात उघडा पडलेला होता. म्हणून भांडण झालं तरी पाच पावलांवर मिटायचं.

गाव नदीवर जायचं थांबलं. नदीकाठच्या जागेवर बाभळी माजल्या. नवी पोरं विचारायची, तळ्याकडं पाठ कशाला करायची, आणि म्हाताऱ्यांना नीट सांगता यायचं नाही.

मग ते साल आलं. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि हस्ताचा हत्ती सोंड वर करून तसाच निघून गेला. दसऱ्याला तळं जेमतेम थोरल्यापर्यंत भरलं. खालची नदीही आटली होती, वाळूत खड्डे खणले तरी ओल नव्हती. ऊस कुणी लावलाच नाही. पौषात पाणी थोरल्यावरून खाली सरकलं आणि एका मंगळवारी सासूची कड दिसली. नखाएवढी. ओल्या दगडाची एक रेघ.

त्या आठवड्यात सुभानाच्या मळ्यात उतरण झाली होती. म्हणजे वाढलेले वेल शेवरीवरून उतरवून, गुंडाळून बुडाशी पुरले होते. तिथून नवे कोंब फुटतात. उतरणीनंतरच्या वेलाला पाणी हवंच हवं, बाळंतिणीला हवं असतं तसं. पाण्याची एक पाळी चुकली तर मळा मेला, आणि पानमळा एकदा मेला की तो पुन्हा उभा करण्यात एक पिढी जाते.

सुभाना त्या सकाळी कोंडाईच्या मागोमाग घाटावर आला. आजवर त्यानं सुनेकडं काही मागितलं नव्हतं. तो हळू म्हणाला, "सूनबाई, नुसती कड दिसतीया. कुनाच्या ध्यानात येनार न्हाई. या मंगळवारी थोरला म्हन. म्होरल्या मंगळवारी सासू म्हन. येवढा येकच मंगळवार. येल जगतील."

कोंडाईनं त्या रेघेकडं बघितलं. तिला ते वेल आवडायचे. तिची पोरं त्या गारव्यात झोपून मोठी झाली होती. आणि समोर उभा होता तो माणूस गावापुढं तिच्यासाठी उभा राहिला होता. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"मामंजी," ती म्हणाली, "येल आपलं हायती. पायरी गावाची हाय."

आणि तिनं पुकारलं, "पानी सासूवर!"

गावाला ठाऊक होतं की मळ्याची उतरण झालीय. त्या दिवशी "ऐकलं" फार बारीक आवाजात आलं. सुभाना खाली गेला, फावडं घेतलं आणि मळ्याकडं वळलेली चारी स्वतःच्या हातानं मातीनं बुजवली. महिनाभरात मळा वाळला. शेवऱ्यांची पानं गळली आणि आत ऊन शिरलं. सुभाना दिवसभर तिथं बसायचा. घरी यायचा, जेवायचा, पण सुनेशी बोलणं त्यानं सोडलं. त्याचा राग होता की नुसतं दुःख, याबद्दल तांबेरीत आजही दोन मतं आहेत.

फाल्गुनात पाणी लेकरावर आलं. मोरी बंद झाली. लोक म्हणाले, काळजी नाही, लेकराखाली मृगापर्यंत पुरेल एवढं पाणी आहे. सगळ्यांचा हिशेबावर विश्वास बसला होता.

आणि एका दुपारी कोंडाईला एक म्हैस दिसली. कुणाची तरी सुटलेली म्हैस तळ्यात शिरली होती आणि चालत चालत पार मधोमध गेली होती. कोंडाई बघत राहिली. म्हैस तळ्याच्या मध्यावर उभी होती आणि पाणी तिच्या गुडघ्याला होतं.

कोंडाईनं घागर खाली ठेवली आणि आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. ती जाखाईच्या कुशीत उतरली. पोटरीएवढं पाणी, आणि त्याखाली कंबरेएवढा गाळ. डोंगरावरून दर पावसाळ्यात येणारी माती वर्षानुवर्षं तळाशी बसली होती, आणि रिकामं तळं बघायचं नाही म्हणून ती कुणी बघितलीच नव्हती. पाणी किती खाली गेलं ते कोंडाई मोजत होती. तळ किती वर आला ते कुणीच मोजलं नव्हतं. गाव पाण्यावर नाही, चिखलावर भरवसा ठेवून बसलं होतं.

ती तशीच चिखलानं माखलेली वाळलेल्या मळ्यात गेली आणि सुभानासमोर उभी राहिली.

"मामंजी, माजा हिशेब चुकला. तळ वर आलाय. पाडव्यापत्तूर बी पानी पुरायचं न्हाई. आता सांगितलं तर लोक म्हनतील, पायऱ्या खोट्या. उद्याच्याला समदे मोरी उगडतील. आन न सांगून तरी कुटं जानार? नदी बी न्हाई." मग तिला रडू फुटलं. "तुमचा मळा मी फुकट घालवला वो."

सुभाना वाळक्या शेवरीला टेकून बसला होता. दोन महिन्यांनंतर तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला. "फुकट न्हाई. खऱ्यापायी गेला माजा मळा. आता तूच खऱ्याला लाजायला लागलीस, तर मातूर फुकट गेला म्हनावं लागंल. जा, पुकार."

तो मंगळवार नव्हता. भर दुपारी हाक आली तसं गाव दचकलं. "पानी लेकरावर न्हाई! लेकराखाली गाळ हाय! माजा हिशेब चुकला!"

खालून उत्तर आलं नाही. माणसं घाटावर गोळा झाली. खेमा गुरव कपाळावर हात मारून म्हणाला, "दुसरी कळी ती हीच." एकदोघांची नजर मोरीकडं गेली, हे खोटं कशाला सांगू. तेवढ्यात मागून आवाज आला, "ऐकलं." तो सुभाना होता. त्याच्या हातात पाटी आणि फावडं होतं. तो सगळ्यांच्या मधून पुढं गेला, तळ्यात उतरला, गाळानं पाटी भरली आणि डोक्यावर घेऊन वर चढला. चिखलाचं पाणी त्याच्या तोंडावरून ओघळत होतं. ती पाटी त्यानं नेऊन आपल्या मेलेल्या मळ्यात रिकामी केली आणि दुसरी भरायला परत आला.

मग पाटील पागोटं काढून उतरले. मग खेमा उतरला, आधी देवीला हात जोडून. मग सगळं गाव उतरलं. असं म्हणतात, की त्या गाळाचा ढीग एवढा झाला की डोंगराला शेजारी मिळाला. असं म्हणतात, की बैल थकले पण बाया थकल्या नाहीत. बायांनीच ही गोष्ट सांगत आणली आहे, तेव्हा तेवढं चालायचंच.

गाळ निघाला तशा लेकराखाली आणखी पायऱ्या निघाल्या. आणि त्या पायऱ्यांवर कोरलेलं होतं. एकीवर नांगर. तिच्याखालच्या पायरीवर गाय. आणि पार तळाच्या पायरीवर रांगणारं मूल. माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. खेमा गुरव चिखलात मटकन बसला आणि त्या दगडी मुलावरून बोट फिरवत म्हणाला, "म्हंजे आपल्या आदी कुनीतरी मोजत होतं?"

कोण होती ती माणसं? त्यांनी मोजायचं का सोडलं? आणि मोजू नये असं पुढच्यांना सांगितलं कुणी? ज्याला मोजणं गैरसोयीचं होतं त्यानं सांगितलं असेल, असं कोंडाई म्हणाली. हे मला पटतं. पण खरं कुणालाच ठाऊक नाही, आणि मला अजूनही त्या पायरीजवळून जाताना प्रश्न पडतो.

त्या रांगणाऱ्या मुलाच्या पायाशी शेवटचा गाळ काढला आणि पहारीखालून गार पाणी उसळलं. झरा होता. तो कितीतरी वर्षं गाळाखाली गुदमरून पडला होता. सुभानानं ओंजळ भरली आणि ती आधी सुनेपुढं धरली. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, मृग आला, तरी झरा आटला नाही.

कोंडाई पुढं खूप म्हातारी झाली. एका मंगळवारी ती पायऱ्या उतरत गेली आणि परत आली नाही, असं म्हणतात. काही म्हणतात, तिला अंथरुणात साधं मरण आलं. तांबेरीच्या बाया पहिलंच खरं मानतात.

गाव तिच्या नावानं अजून काय काय करतं, तेवढं सांगते. चैत्रात पाणी उतरलं की घरटी माणूस तळ्यात उतरतो आणि पाटीभर गाळ काढतो. नवी नवरी असो की सरपंच, पाटी चुकत नाही. गाळ आधी त्याच्या रानात पडतो ज्याचं पीक पायरीपायी वाळलं, आणि त्याच्या घरात त्या वर्षी खळ्यावरून गाव धान्य घालतं. पण खरी चाल वेगळी आहे. पायरी कोण पुकारणार, हे दरवर्षी दसऱ्याला ठरतं. गुरव पुकारत नाही, पाटील पुकारत नाही, ज्याला पाण्याची गरज नाही तो तर नाहीच नाही. पायरी उतरली की ज्याचं सगळ्यात जास्त बुडणार, पुकारायचं त्यानंच.

आता पानमळे गेले, केळी आल्या. मागच्या खेपेला पुकारायची पाळी इंदू घाडग्यांची होती. त्यांच्या केळीला घड लागलेले होते. मंगळवारी सकाळी इंदूबाई घाटावर आल्या, तेव्हा सासूची नुसती कड उघडी पडली होती. त्या कितीतरी वेळ त्या रेघेकडं बघत उभ्या राहिल्या. वर रस्त्यावर फटफट्या थांबल्या, दूध घालायला निघालेली माणसं थांबली, पण घाई कुणी केली नाही. मग इंदूबाईंनी पदर खोचला आणि आवाज फाटेस्तोवर ओरडल्या, "पाणी सासूवर!"

"ऐकलं!" गाव म्हणालं. आणि इंदूबाई आपली चारी बुजवायला खाली निघाल्या, तर त्यांच्या बांधावर आधीच फावडी घेऊन माणसं उभी होती.